आणखी काय मागू

प्रिय बबडे,

त्या दिवशी फोन मध्येच तुटला की तू ठेवलास, हे मी विचारत नाही. आमचं बरं आहे. माझा गुडघा जिन्यावर कुरकुरतो आणि सपाटीला आलं की गप्प बसतो. तुझे बाबा वेळेवर जेवतात, म्हणजे ताट वाढून मी समोर बसून राहिले तर जेवतात. तुझ्या खोलीच्या खिडकीत तू लावलेलं रोप अजून तग धरून आहे. त्याला पाणी घालायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय आणि ते इतकं पाणी घालतात की ते बिचारं एक दिवस पोहायला लागेल. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तुमच्याकडे फोन ओट्यावर ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असा लावलेला असतो, आणि बाबांचा विषय निघाला की तुला नेमकं गॅसवरचं दूध आठवतं. म्हणून लिहिते आहे. शाळेत आम्हाला पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, आधी विचारपूस करावी, मग घरची खबर द्यावी, आणि काही मागायचं असेल तर ते अगदी शेवटी, म्हणजे वाचणाऱ्याला दारातच अडवल्यासारखं वाटत नाही. जन्मभर मी तशीच पत्रं लिहीत आले. हेही तसंच आहे. लांबेल, तेव्हा चहा घेऊन बस, आणि जावईबुवा सरावाला गेले असतील तेव्हाच वाच.

जावईबुवांच्या लढतीसाठी झालेल्या बोलीची बातमी तू पाहिलीच असशील. फोटोत तुझे बाबा असे बसलेत जणू कुणी त्यांच्या पायातले बूट काढून नेलेत. खाली छापलंय की म्हाताऱ्याची हाव त्याच्याच अंगाशी आली. ते वाचून तू काय म्हणाली असशील ते मला ठाऊक आहे, कारण तू ते आमच्या टेबलाशी उभी राहून आधीच म्हणाली होतीस. बोलणी तेव्हा अर्ध्यावर होती आणि बाबांनी त्या दिवशी कुठली तरी नवी मागणी पुढे केली होती. ‘‘बाबा, माणूस विकायला काढलाय तो काढलाय, वर भाव पडू नये म्हणून दुकानही बंद करून बसलात,’’ असं म्हणालीस. मग पर्स उचललीस आणि गेलीस. बाबांनी तुझी खुर्ची सरळ करून टेबलाखाली सारली आणि खाली ऑफिसात गेले. तेव्हापासून तू त्यांच्याशी बोललेली नाहीस, आणि त्यांनीही एकदा तरी तुझी बाजू खोडून काढली असती तर मला बरं वाटलं असतं. नाही काढली.

हल्ली मी दुपारी आपल्या हॉलमध्ये जाऊन बसते. रिंग मोडून भिंतीशी रचून ठेवली आहे, दोर गुंडाळून खिळ्यांना अडकवलेत, खुर्च्या एकात एक घालून ठेवल्यात. बॉक्सिंगची लढत नसली की हॉल शाळेसारखा वाटतो, सुट्टीतल्या. माझ्या सिस्टरांना कळलं असतं, की त्यांची सुंदर अक्षराची मुलगी पुढे नाकं फोडणाऱ्यांच्या नावांची पोस्टर रंगवणार आहे, तर त्यांनी माझं बक्षीस परत घेतलं असतं. पण मला हे घर कधी लाजिरवाणं वाटलं नाही. तिकिटाच्या खिडकीपाशी गेले की अजून तू दिसतेस, दोन वेण्या, पेन्सिल कानावर, आणि गिऱ्हाइकांवर ओरडणारी. बाबा तुला तिकीटमास्तर म्हणायचे. त्याच खिडकीशी तो, आजचे आपले जावईबुवा, पहिल्यांदा आला होता. हातात पिशवी, पिशवीत बूट आणि टॉवेल, आणि रांगेत गुमान उभा. तू त्याला तिकीट दिलंस. त्याने मोठी नोट काढली, तुझ्याकडे सुट्टे नव्हते, तू म्हणालीस नंतर घेऊन जा. आत गेल्यावर कुणीतरी त्याला विचारलं, अरे, दुसरी लढत तुझीच ना, मग तू प्रेक्षकांत का बसलास. लढणाऱ्याला तिकीट लागत नाही हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

ही गोष्ट तुझ्या बाबांनी किती ठिकाणी सांगितली असेल! पत्रकार आले की ती, पाहुणे आले की ती, तुमच्या लग्नात तर माईक हातात घेऊन. ‘‘माझ्या उभ्या धंद्यात मार खायला पैसे मोजून आत आलेला हा एकच माणूस,’’ असं म्हणून ते थांबायचे. ती जागा जावईबुवांची. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो म्हणायचा, ‘‘आणि सुट्टे अजून यायचेत.’’ मग सगळं टेबल हसायचं, आणि बाबा तर दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे. तो विजेता झाला, पट्टा कमरेला बांधून रिंगमध्ये उभा होता, त्याच्या एका डोळ्याची नुसती चीर उरली होती, तेव्हा समोर माईक आल्यावर त्याने तुझ्याकडे बोट दाखवून काय म्हटलं होतं? सुट्टे. सगळ्या जगाला वाटलं त्याला डोक्याला लागलंय. आपण तिघं तेवढे रडत हसत होतो. आज हे वाक्य लिहिताना हात थांबला, पण लिहिलं ते राहू दे.

आता बोलण्यांचं सांगते. तुला यातलं पुष्कळ माहीत आहे, पण ते एका बाजूने माहीत आहे. बॉक्सिंग महासंघाचा हुकूम आला, की विजेत्याने पहिल्या क्रमांकाच्या आव्हानवीराशी लढायचंच, नाहीतर पट्टा सोडायचा. दोघांच्या लढती भरवणाऱ्या प्रमोटरांनी, आपल्या बाजूने बाबांनी, ठरल्या मुदतीत आपसात जमवून घ्यावं. नाही जमलं तर बंद पाकिटातून बोली. ज्याची बोली मोठी त्याची लढत. हॉल तो ठरवणार, तारीख तो ठरवणार, आणि बोलीची रक्कम विजेता आणि आव्हानवीर यांच्यात नियमाप्रमाणे वाटली जाणार. समोरच्या बाजूला, आव्हानवीराचा प्रमोटर म्हणून, तो आपला अत्तरवाला. त्याला तू ओळखतेसच, लिफ्टमधून उतरून गेला तरी मागे संध्याकाळपर्यंत लिफ्ट दरवळत राहते. तरुणपणी बाबा आणि तो एकाच ठिकाणी खुर्च्या मांडायचं काम करायचे. तेव्हापासून एकमेकांना शिव्या घालतात आणि एकमेकांच्या आजारपणात फळं घेऊन जातात.

हॉटेलच्या मागच्या बाजूच्या खोलीत बोलणी चालायची. करारातलं इंग्रजी मी बघते म्हणून मीही जायचे, विणकाम घेऊन. पहिल्याच बैठकीत अत्तरवाल्याने वाटणी मान्य केली. मला वाटलं, चला, एका बैठकीतच आटपलं, जावयासाठीचा स्वेटर काही इथे पुरा होत नाही. पण बाबांनी पोस्टरवर नाव कुणाचं वर ते काढलं. विजेत्याचं वर, हे कबूल झालं. मग अक्षरं किती मोठी. तेही झालं. मग रिंगमध्ये आधी कोण येणार, ग्लोव्हज कुठले, कोपरा कुठला, ड्रेसिंग रूममध्ये गरम पाणी येतं की नाही. अत्तरवाला एकेक देत गेला. पहिल्यांदा वाद घालून, मग हसत, मग घड्याळ बघत. मग बाबांनी रिंग चारी बाजूंनी थोडी लहान हवी म्हटलं. पुढच्या बैठकीत ती मोठी हवी म्हटलं. अत्तरवाल्याचा वकील डोकं धरून बसला. एकदा बाबांनी खुर्च्यांना गाद्या हव्यात म्हणून अख्खी दुपार घालवली, हे तू पेपरात वाचलंसच, सगळ्यांनी वाचलं. शेवटी अत्तरवाला माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘वहिनी, तुम्ही सांगा. ह्याला नक्की काय हवंय?’’ मी टाके मोजत राहिले. मला खरंच सांगता आलं नाही. म्हणजे, कळायला लागलं होतं, पण सांगता येण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्याने सगळं मान्य केलं. गाद्यासुद्धा. उठून उभा राहिला, हात पुढे केला आणि म्हणाला, चल, आता तरी तोंड गोड कर. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग समोरचा कप उचलून बघितला, चहा गार आहे म्हणाले, जे लोक गार चहा देतात त्यांच्याशी मला व्यवहार करायचा नाही म्हणाले आणि चालू लागले. खोलीत कुणीतरी फसकन हसलं. मी लोकरीचा गुंडा गोळा करत त्यांच्यामागे धावले. गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. किती तरी वेळ मी गाडी सुरू केली नाही. समोर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता, त्याच्याकडे आम्ही दोघं बघत बसलो. मग बाबा म्हणाले, ‘‘आणखी काय मागू, तूच सांग. माझं मागायचं सगळं संपलं.’’

बबडे, त्यांना ही लढत व्हायलाच नको होती.

का नको होती हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी मला सांगितलं नाही. गरजच नव्हती. तुलाही नाही. बोलणी सुरू व्हायच्या आधीचं ते जेवण आठव. तुम्ही दोघं आला होतात, शेजारचे वकील आणि त्यांची बायकोही होती. सूप झालं होतं. वकिलांच्या बायकोने विचारलं, तुमची दोघांची ओळख कशी झाली, आणि बाबा खुलले. रांग, पिशवी, मोठी नोट, सगळं साग्रसंगीत सांगून म्हणाले, मार खायला पैसे मोजून आत आलेला हा एकच माणूस. आणि थांबले. जावईबुवा त्यांच्याकडे बघत होते, छान हसत होते. बाबा थांबून राहिले. तो हसतच राहिला, एखाद्या पाहुण्याची गोष्ट ऐकावी तसा. वकिलांची बायको हसली, तिला वाटलं गोष्ट संपली. मी सूपचे बाऊल गोळा केले, आत नेऊन ठेवले, परत आले, वकील करांबद्दल काहीतरी सांगत होते, आणि तेव्हा, त्यांचं बोलणं अर्ध्यावर तोडून, तो मोठ्याने म्हणाला, ‘‘आणि सुट्टे अजून यायचेत.’’ तोच एकटा हसला, पूर्वीसारखा, मनापासून. तू उठलीस. म्हणालीस, थांबा, मीठ आणते. आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिलीस. बाबांनी ताटावरून नजर वर केली नाही. मी वकिलांना भाजी वाढली.

त्या दिवसापासून आपण तिघं तीन खोल्यांत बसून तेच एक जाणून होतो, आणि कुणीच कुणाला बोललं नाही. मी म्हटलं, थकला असेल. तूही म्हटलं असशील, थकलाय. बाबांनी काहीच म्हटलं नाही. ते दुसऱ्या दिवशी हॉटेलवर गेले आणि पोस्टरवरच्या अक्षरांवरून भांडायला लागले.

मी त्यांना एकदा म्हटलंही, की सरळ त्याच्याशीच का बोलत नाही. ते सराव बघायला गेले. तो दोरीवरच्या उड्या मारत होता, त्यांना बघून थांबला, घामाने निथळत जवळ येऊन पाया पडल्यासारखं करून त्यांची टिंगल केली, जशी तो करतो. बाबा अर्धा तास तिथे बसले आणि त्याला बूट नीट बांध एवढं सांगून परत आले. मला म्हणाले, मी त्याला थांब म्हणालो तर तो ही लढत तर लढेलच, वर मला दाखवायला आणखी एक मागून घेईल. खरंच आहे ते. तुझा नवरा आहे, तुला मी काय सांगू.

बोलणी मोडली की हुकूम काही मोडत नाही, बोली होते, हे बाबांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना ती बोली स्वतः जिंकायची होती. जो जिंकेल त्याच्या हातात तारीख. नियमात बसेल तेवढी लांबची तारीख घ्यायची, मग मनगट दुखावल्याचं निमित्त, मग हॉल मिळत नाही, मग आणखी काही. तेवढ्यात पोरगा आपणहून कंटाळेल, नाहीतर महासंघ कंटाळेल, नाहीतर देव काहीतरी करेल. देवाचं नाव त्यांनी घेतलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की हिशोब डळमळीत आहे. त्यासाठी त्यांनी आपला हॉल गहाण टाकायचं ठरवलं. एक माणूस टेप घेऊन येऊन भिंती मोजून गेला. मी त्याला तुझी तिकिटाची खिडकी मोजताना पाहिलं. बाहेर लोक म्हणत होते, म्हातारा कमाईला किती हपापलाय बघा, घरदार लावतोय. तूही तेच म्हणत होतीस, आणि ते ऐकून बाबा काय करायचे सांगू? ते खूश व्हायचे. म्हणायचे, तिलासुद्धा खरं वाटतंय, म्हणजे बाकीच्यांना तर वाटणारच.

बोलीच्या सकाळी महासंघाच्या ऑफिसात गेलो. लांबट खोली, मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या. एका बाजूला अत्तरवाला आणि त्याची माणसं, दुसऱ्या बाजूला आम्ही. खिडकीपाशी राखाडी स्वेटर घातलेला एक टकला माणूस बसला होता, त्याला सर्दी झाली होती, सारखा रुमालाने नाक पुसत होता. बाबांना वाटलं तो ऑफिसातला कारकून. अत्तरवाल्यालाही तेच वाटलं. वारा येत होता म्हणून बाबांनी त्याला खिडकी लावता का म्हणून सांगितलं, आणि त्याने लावली. अत्तरवाल्याने त्याच्याकडे पाणी मागितलं, तेही त्याने दिलं. इतकी वर्षं या खोलीत या दोघांशिवाय तिसऱ्याने कधी पाकीट टाकलंच नव्हतं. नियमाने परवाना असलेला कुणीही टाकू शकतो, पण हे दोघं एकमेकांना बघण्यात इतके मुरलेले, की खोलीत तिसरा माणूस असू शकतो हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

पहिलं पाकीट अत्तरवाल्याचं फोडलं. मग आपलं. बाबांनी त्याला हाडापर्यंत ओळखलं होतं. आपली बोली त्याच्यापेक्षा जेमतेम थोडी वर, एक पैसा वाया नाही. बाबांनी टेबलाखाली माझा हात धरला. लग्नानंतर लोकांसमोर त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. आणि तेव्हा त्या सर्दीवाल्या माणसाने स्वेटरच्या आतून आपलं पाकीट काढलं, माफी मागितल्यासारखं शिंकला, आणि टेबलावर पुढे सरकवलं. कुठल्या तरी दूरच्या चॅनलचा माणूस. आमच्या दोघांच्या बोल्या एकत्र केल्या तरी त्याची मोठीच होती.

बाहेर जिन्यावर बाबा बसले. अत्तरवाला आला, त्याची माणसं पुढे पाठवली, आणि कोट वर करून तोही पायरीवर बसला. मी दोन पायऱ्या वर उभी होते. तो म्हणाला, ‘‘तुला ही लढत नकोच होती. गाद्यांच्या वेळीच मला कळायला हवं होतं. गाढवा, मला सांगायचंस तरी.’’ बाबा म्हणाले, ‘‘तुला सांगितलं असतं, तर तुझ्या पोराला कळलं असतं कुठे मारायचं.’’ अत्तरवाल्याने मान खाली घातली. त्याने नाही म्हटलं नाही. तो चांगला माणूस आहे, तरी त्याने नाही म्हटलं नाही. तेव्हा मला हा धंदा पहिल्यांदा पूर्ण दिसला बघ, इतकी वर्षं त्याची पोस्टर रंगवूनसुद्धा. इथे माणसाचं दुखणं कुणाला सांगितलं की ते समोरच्याच्या हातात दिल्यासारखं होतं. म्हणून बाबांनी तुलाही सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावर ते त्याने वाचलं असतं, आणि रिंगमध्ये जाणाऱ्याच्या घरात भीती शिरली की त्याचे हात जड होतात.

त्या दुपारी जावईबुवांचा बाबांना फोन आला. इतका खूश तो पट्टा जिंकला तेव्हाही नव्हता. म्हणाला, बाबा, तुम्ही ताणून धरलंत म्हणून एवढी रक्कम हाती आली. लोक तुम्हाला हसत होते, मी नव्हतो हसत. म्हणाला, आता तिला हवं तसं घर बांधतो. बाबा म्हणाले, हो, बांध. फोन ठेवला आणि बूट न काढता पलंगावर आडवे झाले. हॉल वाचला म्हणून लोक आमचं अभिनंदन करतात. मिठाईसुद्धा कुणीतरी पाठवली होती, ती मी कामवाल्या बाईला दिली.

तारीख जवळची आहे, तुला ठाऊकच आहे. चॅनलला दुपारचं ऊन असताना उघड्यावर लढत हवी आहे, त्यांच्या देशात तेव्हा रात्र असते आणि लोक टीव्हीसमोर असतात. दोन दिवस बाबा पडून होते आणि तिसऱ्या दिवशी दाढी करून महासंघात गेले. सेक्रेटरीला त्यांनी सगळं सांगितलं. जेवण, गोष्ट, उशिरा आलेलं ते वाक्य. जे अत्तरवाल्याला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, ते एका परक्या माणसाला टेबलापलीकडे उभं राहून सांगितलं. सेक्रेटरी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, बोली हरल्यावर आजारपण आठवलं होय. खोलीतले सगळे हसले. बाबा म्हणतात, त्याची काही चूक नाही, मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. गाद्यांसाठी भांडणाऱ्या माणसाचं कोण खरं मानणार. आता ते दिवसभर त्या रोपाला पाणी घालतात. मी विचारलं, आता काय करायचं, तर म्हणतात, काही नाही, आता आपण फक्त बघायचं. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. मलाही काही दिसत नाही गं. मी रोज सकाळी उठते आणि वाटतं, आज तरी काहीतरी सुचेल, आणि चहा होईपर्यंत तेही वाटणं संपतं.

आता मागणं. पस्तिशी ओलांडलेल्या विजेत्याची लढतीच्या आधी डॉक्टर तपासणी करतात, ती तुमच्याकडे पुढच्या आठवड्यात आहे. नाकाला बोट लाव, एका पायावर उभा राहा, शंभरापासून उलटे आकडे म्हण. तूच मागे हसत सांगितलं होतंस, की तो हल्ली बाथरूममध्ये नळ सोडून उलटे आकडे म्हणत असतो. पाठ करतोय तो, बबडे. म्हणजे त्यालाही माहीत आहे. चौथी खोली त्याची. आणि तो सगळं बिनचूक म्हणेल, तो जिद्दी आहे. मग डॉक्टर त्याला बाहेर पाठवून घरच्या एका माणसाला आत बोलावतात आणि एकच प्रश्न विचारतात, घरी काही वेगळं जाणवलं का. आमचं दोघांचं तिथे चालत नाही, आमचा धंदा आहे म्हणून. बायकोचं चालतं. तू नाही म्हणालीस तर तो त्या उन्हात उतरेल. तू हो म्हणालीस तर पट्टा जाईल, घर जाईल, आणि कदाचित तो तुझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाही, जशी तू बाबांशी बोलत नाहीस. मी आई असून तुझ्याकडे हे मागते आहे. बाबांना माहीत नाही मी लिहितेय. ते म्हणाले असते पोरीला यात ओढू नकोस. तुला हो म्हणवेल असं मला वाटत नाही, खरं सांगते. त्या दिवशी मी समोर असून वकिलांना भाजी वाढली, मग तू तर त्याची बायको आहेस. तरी मागते, कारण आता मागायला दुसरं कुणी उरलं नाही. डॉक्टरांना आजाराचं नाव सांगू नकोस, आपल्याला ते कुठे माहीत आहे. त्यांना फक्त ती गोष्ट सांग, रांगेपासून सांग, बाबा सांगतात तशी, आणि मग ते बाऊल मी आत नेऊन ठेवून परत आले तेवढा वेळ तू तिथे थांबून राहा. एवढं सांग, की तेव्हा तू मीठ आणायला म्हणून उठलीस, आणि मीठ टेबलावरच होतं.

तुझीच, आणि त्या दिवशी तुझ्यामागे स्वयंपाकघरात न आलेली,
आई